चौथं नाव

१

“वहिनी, अमरदादाचं नाव गेलंय,” सम्राट दारातूनच म्हणाला. “पाटीवरचं. आत्ता पाटी धुतली, तर बाकीची पाच हायती, त्येवढं एकच न्हाय.”

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. तारीख सोळा डिसेंबर, विजय दिवस. मी चहाचा कप खाली ठेवला आणि चपला घातल्या. घाई केल्याचं आठवत नाही.

अंगणात आक्का, माझ्या सासूबाई, कार्यक्रमासाठी देवळातल्या समया घासत बसल्या होत्या. शेजारी बादली, भिजवलेली चिंच, मीठ, काथ्या, कोरडं फडकं. त्यांनी मान वर केली. “काय म्हणतोय त्यो?”

“पाटी धुतली म्हणतोय,” एवढंच मी सांगितलं.

“बरं केलं की,” आक्का म्हणाल्या आणि समईकडे वळल्या.

कोंढवळे हे आजऱ्याकडचं गाव. सम्राट इथला सरपंच. पाटी म्हणजे शाळेच्या पटांगणातल्या चौथऱ्यावर उभा केलेला पांढरा संगमरवर. गावातून सैन्यात गेलेले आणि परत न आलेले जवान तिच्यावर आहेत. पासष्टचा एक, एकाहत्तरचे दोन, चौथं माझ्या नवऱ्याचं नाव, मग आणखी दोन. खाली चार नावांची जागा मोकळी आहे. पाटी पहिल्यांदा घडवणाऱ्याने ती मुद्दाम सोडली होती, आणि त्यात गावाला कधी काही वावगं वाटलं नाही.

नाईक अमरसिंह गुंडू नलवडे, २००२. तेव्हा आमच्या लग्नाला अडीच वर्षं झाली होती.

मी कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहते आणि महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. दरवर्षी पंधरा डिसेंबरच्या संध्याकाळी कोंढवळ्याला येते, सोळाला कार्यक्रम झाला की दुपारच्या एसटीने परत जाते. कार्यक्रमात माझी खुर्ची तिसऱ्या ओळीत असते. तिथून नावं वाचता येतात.

२

चौथऱ्याभोवती वीसेक माणसं होती. मला पाहून ती बाजूला सरकली. तेवीस वर्षांत मी पाटीच्या इतक्या जवळ पहिल्यांदाच उभी होते.

तिसऱ्या आणि पाचव्या नावाच्या मधे कोरा पांढरा पट्टा होता.

“काल सांजंला नाव हुतं,” सम्राट म्हणाला. “मी सोता बघितलंय. आज सहाला सर्व्हिसिंग सेंटरचा गाड्या धुवायचा पंप आणून पाटी धुतली, आणि बघतोय तर ही अशी. रातीत कुणीतरी काम केलंय. कुणी केलंय त्येबी कळलंय.” त्याने प्लास्टिकची बाटली वर धरली. “ॲसिड. अल्लाउद्दीनच्या पिशवीत घावलं.”

अल्लाउद्दीन दगडाचं काम करतो. पाटीवरची पहिली तीन नावं त्याच्या वडिलांनी कोरली, पुढची तीन त्याने. दरवर्षी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी येऊन तो अक्षरांत काळा रंग भरतो. यंदा ग्रामपंचायतीने जुनी पाटी काढून काळ्या ग्रॅनाइटची, यंत्राने कोरलेली पाटी बसवायचं ठरवलं, आणि त्यावरून त्याचं आणि सम्राटचं भर ग्रामसभेत वाजलं होतं.

“राग काढला त्येनं,” सम्राट म्हणाला. “आता ग्रामपंचायतीत बसवलाय. अकराला कार्यक्रमाला कर्नलसाहेब येत्यात. त्ये गेलं की ह्येला पोलिसांत देतो. आणि ज्या हातानं जवानाचं नाव पुसलं, त्यो हात परत हितल्या दगडाला लागायचा न्हाय.”

“बराबर हाय,” दोघं-तिघं म्हणाले.

“बायकू कशी उभी ऱ्हायलीया बघ,” मागून एक बाई दुसरीला म्हणाली. “डोळ्यांत टिपूस न्हाय.”

ते खरं होतं. मी पर्समधून स्टीलची पट्टी काढली.

छिन्नीने नाव काढलं असतं तर तुटके काठ राहिले असते, खाली चुरा पडला असता. यंत्राने घासलं असतं तर गोल ओरखडे दिसले असते. दोन्ही नव्हतं. पट्टी दगडावर आडवी धरली. तिची टोकं टेकली, मधे उजेड दिसला. मधोमध अंदाजे अडीच मिलिमीटर. कडा नसलेला, बशीसारखा उथळ खळगा. इतर ठिकाणी दगड तुळतुळीत होता, इथे खडीसाखरेसारखा खरखरीत. म्हणजे आम्लच. गाव म्हणत होतं त्यातलं तेवढं बरोबर होतं.

पण बाटलीतलं आम्ल उभ्या दगडावर ओतलं तर ते खालपर्यंत वाहतं. अडीच मिलिमीटर दगड खायला जेवढं लागेल तेवढ्याने खालची दोन नावंही गेली असती आणि तळाचं सिमेंट फसफसून भुगा झालं असतं. सिमेंट शाबूत होतं. पाचव्या नावावर दोन फिकट ओघळ होते, बोटभर लांबीचे, तिथेच संपलेले.

आम्ल थोडं होतं. सौम्य होतं. लावून पुसून घेतलं होतं. अशाने एका वेळी केसाच्या जाडीचा दहावा भागसुद्धा धड जात नाही.

“सम्राट, हे एका रात्रीचं काम नाही. हे दोन-अडीचशे वेळा केलेलं आहे. वर्षानुवर्षं.”

सम्राट लोकांकडे बघून हसला. “वर्षानुवर्षं? वहिनी, काल सांजंला नाव हुतं की वो!”

३

स्मारक समितीचे अध्यक्ष आकाराम हे निवृत्त सुभेदार. शाळेला लागूनच त्यांचं घर; पटांगणातलं बोलणं तिथे ऐकू येतं. अमरसिंहचं नाव पाटीवर घ्यायला गावात एकट्या त्यांनी विरोध केला होता. मी गेले तेव्हा ते कोटावर पदकं लावत होते.

“सूनबाई, माझ्यावर संशय हाय व्हय तुझा?”

“तुम्ही विरोध केला होता.”

“केलाता. तोंडावर केलाता, समद्या गावासमोर. गाडी दरीत गेली, गोळीनं न्हाय मेला, असं म्हणालोतो. मग तुझी सासू ह्या सोप्यात आली. मला म्हणली, आकाराम, त्या दरीपाशी त्येला कुणी धाडलंतं? मी, का लष्करानं?” त्यांनी टाचणी तोंडातून काढली. “तवापासनं मी गप हाय. आणि मला नाव काढायचंच असतं तर ठराव मांडला असता. चोरासारखं घासत बसलो नसतो. त्येवढी फुरसत बी न्हाय.”

मला ते पटलं. ज्या माणसाने उघड विरोध केला, त्याला अडीचशे वेळा लपून येण्याचं कारण नव्हतं.

“मागच्या कार्यक्रमाचा फोटो आहे?”

फोटो भिंतीवरच होता. कार्यक्रमाच्या आधी, सकाळच्या उन्हात काढलेला. समितीची माणसं दोन्ही बाजूंना आणि मधे पाटी, सहाच्या सहा नावं काळी ठळक.

“ह्ये बघ,” आकाराम म्हणाले. “हाय का न्हाय चौथं? वर्षानुवर्षं म्हणं.”

ते ज्या भिंगाने वर्तमानपत्र वाचतात ते मी मागून घेतलं. ऊन डावीकडून तिरकं येत होतं. कोरलेल्या अक्षराला अशा उन्हात एक काठ सावलीचा असतो आणि समोरचा काठ चमकतो. पहिल्या नावाला ते होतं. दुसऱ्याला, तिसऱ्यालाही. चौथ्यावर आले. पुन्हा पहिल्यापासून बघितलं. मग पाचवं आणि सहावं.

चौथ्या नावाला सावली नव्हती.

म्हणजे गेल्या वर्षीच त्या जागी अक्षरं उरली नव्हती. सपाट दगडावर कुणीतरी ती रंगाने काढली होती, मूळ वळण सांभाळून. आज पंपाच्या पाण्याने पुसलं गेलं ते हे. नाव त्याच्या किती तरी आधी गेलं होतं.

“अक्षरं अल्लाउद्दीनशिवाय आणखी कुणी रंगवतं?” मी विचारलं.

“दुसरं कोण रंगवतंय?” आकाराम म्हणाले. “त्यो कुणाला हात लावू देत न्हाय.”

४

ग्रामपंचायतीच्या कचेरीत अल्लाउद्दीन प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. वय अडुसष्ट. डोळ्यांवर शस्त्रक्रियेनंतर देतात तसला काळा चष्मा. समोरचा चहा तसाच होता.

“चाचा, कोरलेलं नाव गेलं होतं. तुम्ही नुसतं रंगाने लिहीत होतात.”

“तुमी शिकलेल्या. जवळ आला तर तुमाला कळणार, ह्ये मला ठावं हुतं,” तो म्हणाला. “तुमी लांब बसता त्येच बरं वाटायचं.”

“किती वर्षं?”

“सा झाली. दर दोन-तीन म्हयन्यानं गावात येतो, बायकांच्या पाटा-वरवंट्यास्नी टाकी लावाय, छिन्नीनं खरबरीत कराय. तवा जाता जाता ब्रश मारायचो. दिवाळीला डोळ्याचं आपरेशन झालं, मग आलोच न्हाय. काल सांजंला आलो तर रंगाचा पोपडा सुटलाता. उजेड कमी, मला दिसंना. म्हणलं सकाळी करू. सकाळी आलो तर सरपंच पंप धरून उभा.”

“आणि ॲसिड?”

“दगडावरचं शिमिट काढाय. कुणाची बी पिशवी बघा, असतंय.”

“मग हे सम्राटला का सांगितलं नाही?”

“रंगाचं सांगितलं की त्यो इचारणार, मग कोरलेलं कुणी घासलं?” त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. “त्ये मी सांगायचो न्हाय. पाटीचं काम गेलं तर जाऊ दे. पाटं हायत, वरवंटं हायत.”

“पोलीस येतील, चाचा.”

“येऊ देत.”

“म्हणजे तुम्ही त्या माणसाला पाहिलंय.”

“एकदा न्हवं, धा बारा येळा बघितलंय.” तो खुर्चीतून पुढे वाकला आणि आवाज खाली आणला. “बाई, ज्यानं पुसलं त्येला अजून ठावं न्हाय की आपण पुसलंय. आता जावा. लई खोलात शिरू नका. तुमचंच घर हाय.”

५

परत जाताना घड्याळात पावणेदहा झाले होते.

एकाच नावावर, पाच नावं वगळून, अचूक त्याच जागी. सौम्य आम्ल, बेताचं, लगेच पुसलेलं. नियमित. करणाऱ्याला नुकसान करायचं नव्हतं. तसलं आम्ल कोंढवळ्यात कुणाच्या घरी असेल हा प्रश्न चुकीचा होता. ते प्रत्येक घरी होतं.

चिंचेत टार्टारिक आम्ल असतं. पितळेवरचा काळा थर ते काढतं आणि खालच्या धातूला फारसं काही करत नाही. म्हणून इथे देवाची भांडी पिढ्यान्‌पिढ्या चिंचेनेच घासतात आणि ती झिजून गेल्याचं कुणी पाहिलेलं नाही. संगमरवराचं तसं नसतं. संगमरवर म्हणजे चुन्याचा दगड, तो आम्लात विरघळतो. एवढं मी दरवर्षी अकरावीच्या मुलांना पहिल्या सत्रात शिकवते.

आक्कांच्या समया उन्हात ठेवलेल्या होत्या.

“आक्का, पाटीवरचं नाव तुम्ही पुसता का?”

“पुसती की. दर अवसंला देवळातल्या समया घासून परत ठेवाय जाती, तवा वाटंत.” त्या पदराला हात पुसत होत्या. “पेल्यात चिंच उरल्याली असती. तीच लावती त्येला, घासती, फडक्यानं टिपून घेती. देवाचं लखलखीत करायचं आणि त्येचं तसंच ठेवायचं व्हय? वाचाय येत न्हाय मला, पण वरनं मोजती. चौथी वळ.”

तेवीस वर्षं, वर्षाच्या बारा अमावास्या. दोनशे शहात्तर.

मी पायरीवर बसले. गप्प राहिले तर अल्लाउद्दीन चोर ठरणार होता, आणि तो ते मान्य करून बसला होता. मी स्वतः पुसलं असं सांगावं तर वर्षातून एकदा येणाऱ्या बाईचे अडीचशे दिवस कुणालाच पटले नसते. तिसरा मार्ग मला सुचला नाही.

मी सांगितलं. चिंच, दगड, अल्लाउद्दीनचा रंग, सकाळचा पंप. वर्गात सांगते तसं, क्रमाने, एकही पायरी न वगळता. मला दुसऱ्या पद्धतीने सांगता येत नाही.

आक्का ऐकत होत्या. मग त्यांनी दोन्ही हात पुढे धरले आणि बोटांची टोकं बघितली. चाळीस वर्षं त्या काजूच्या कारखान्यात होत्या. काजूच्या टरफलाच्या चिकाने टोकांची कातडी जळून काळी, चामड्यासारखी झाली होती.

“पाच-सा वर्सं झाली,” त्या म्हणाल्या, “अक्षरं हाताला लागत न्हवती. मला वाटलं, माझीच बोटं मेली.”

शेजारच्या घरात रेडिओ चालू होता.

“अल्लाउद्दीनला ठावं हुतं?”

“हो.”

“आणि तुला?”

“आज कळलं.”

“एकदा हात लावला असतास तर आदीच कळलं असतं की गं.”

“हो,” मी म्हणाले.

त्यांनी टोमणा मारला नव्हता. जे होतं ते म्हणाल्या होत्या.

“मग आता कशानं घासू?”

“नुसत्या पाण्याने.”

“नुसत्या?”

“नुसत्या. मऊ फडक्याने.”

आक्कांनी मान हलवली. चिंचेचं पाणी त्यांनी नारळाच्या बुडात ओतलं, पेला विसळला, डोक्यावरून पदर घेतला आणि चालायला लागल्या. समया न्यायच्या राहिल्या. त्या मी उचलल्या.

६

पटांगणात खुर्च्या भरत होत्या. सम्राट माइक तपासत होता.

“सम्राट, अल्लाउद्दीनला आण हितं.”

“आक्का, आत्ता न्हवं. कर्नलसाहेबांची गाडी फाट्यावर आलीया.”

“येऊ दे की. त्येंच्याम्होरं सांगती.” माइक चालू होता. आक्कांचा आवाज पटांगणभर गेला. “नाव म्या घासलं. चिंचेनं. इतकी वर्सं. त्यो बिचारा वरनं रंग लावून झाकत हुता.”

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. सम्राटने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्याचा चेहरा लाल झाला होता.

“पर आक्का, दगुड चिंचेनं कसा…”

“हिला इचार. ही त्येच शिकवती.”

“सम्राट,” आकाराम खुर्चीतून न उठता म्हणाले, “मास्तरकी ऐकाय सांजंला बस. आदी त्या माणसाला आण. पळ.”

सरपंच खरोखर पळाला.

अल्लाउद्दीन आला तेव्हा पहिल्या ओळीतल्या दोन माणसांनी उठून त्याला जागा दिली. तो बसला नाही. आक्कांसमोर जाऊन उभा राहिला.

“कशापायी सांगितलंस?” तो म्हणाला.

“तू कशापायी न्हाय सांगितलंस?”

सम्राटने अल्लाउद्दीनची पिशवी परत आणून त्याच्या पायाशी ठेवली. बाटली आत होती.

कार्यक्रम अकरा वाजून वीस मिनिटांनी सुरू झाला. आकारामांनी कागदावरून सहा नावं वाचली. कर्नलसाहेबांनी पाटीला सलाम केला. चौथ्या जागी त्यांची नजर एक क्षण थांबली. जेवणाच्या वेळी सम्राट पुढ्यात येऊन म्हणाला, “ग्रॅनाइटचं ऱ्हाऊ दे म्हणतो आता. काय वहिनी?” मी म्हणाले, त्याने आकारामांना आणि अल्लाउद्दीनला विचारावं.

दुपारची एसटी गेली. पटांगण रिकामं झालं होतं. अल्लाउद्दीन दगडावर तळहात फिरवत उभा होता.

“परत कोरता येतंय. जाडी हाय अजून,” तो म्हणाला. “खळगा हाय तसाच ठेवायचा, त्येच्यातच कोरायचं. पण मला ह्या डोळ्यानं सरळ वळ धरवत न्हाय. अक्षरं तुमी काढून द्या, बाई. छिन्नी मी चालवतो. हाताला सवय हाय.”

मी पट्टी आणि पेन्सिल काढली. वर-खाली दोन रेषा आखल्या, पस्तीस मिलिमीटर अंतराने. प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवर लिहून माझं अक्षर एकसारखं आहे. नाईक. अमरसिंह. गुंडू. नलवडे. प्रत्येक अक्षराची रुंदी मोजून लिहिलं. खळग्यात पेन्सिल खरखरत होती. दगड थंड होता. नाव पूर्ण व्हायला बावीस मिनिटं लागली. इतका वेळ मी त्याच्या नावाजवळ कधी नव्हते.

आक्का चौथऱ्याच्या पायरीवर बसल्या होत्या. “झालं?”

“झालं.”

अल्लाउद्दीनने छिन्नी लावली. हातोडी उचलून तो थांबला आणि माझ्याकडे वळला. “आदी दोन मिलिमीटर हुतं. आता खोल किती घिऊ?”

उत्तर आक्कांनी दिलं. “माझ्या बोटाला लागंल एवढं घे.”

तो माझ्याकडेच बघत राहिला. त्याला आकडा हवा होता. मी आक्कांजवळ गेले, त्यांचा उजवा हात हातात घेतला आणि पहिल्या बोटाच्या टोकावर पट्टीची कड टेकवली. हलकेच, मग थोडी दाबून.

“लागतंय का?”

“न्हाय.”

आणखी दाबली.

“आता?”

“आता लागतंय.”

मी परत पाटीपाशी आले, आधीचा आकडा दुप्पट केला आणि नावाच्या कडेला पेन्सिलीने लिहिलं, चार मिलिमीटर.